तब्नीचं पाणी

मन्नतुम दाराबाहेर उभी होती आणि ते दार तिचंच होतं.

अगदी खरोखरीचं तिचं. लग्नात बापानं दिलेलं. दोन नद्यांच्या मधल्या आमच्या सिप्पर शहरात माती हवी तेवढी, बोरू हवा तेवढा, पण लाकडाच्या नावानं ठणठणाट. म्हणून घर कुणाचंही असो, दार ज्याचं त्याचं. माणूस बिऱ्हाड हलवतो तेव्हा दार खांद्यावर मारून निघतो आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. मन्नतुम सून होऊन आली तेव्हा या घराच्या तोंडाशी बोरूची फाटकी चटई लोंबत होती आणि आळीतली कुत्री हक्कानं आत येऊन झोपत होती. तिच्या बापानं डोंगराकडून नदीनं आलेलं लाकूड मिळवलं, सुताराच्या उरावर बसून दार करून घेतलं आणि लेकीबरोबर पाठवलं. त्या दिवसापासून तिच्या सासरचं घर चार लोकांत घर म्हणून मिरवायला लागलं.

तेच दार आज आतून अडसर घालून बंद होतं. आत होती तिची थोरली जाऊ हुम्ताणी आणि बाहेर ही, काखेत पाण्याचा घडा घेऊन.

"जाऊबाई, उघडा. आज अमावास्या आहे."

"मग असू दे की. तुझ्या भावाच्या घरी अमावास्या येत नाही का?"

"माझी लेक माझ्या भावाच्या घरी पुरलेली नाही."

आतून नुसता जात्याचा आवाज आला. मुद्दाम दळायला बसली होती बया.

या दोघींचं कधीच पटलं नाही. एका ओसरीवर, एका भट्टीवर भाकऱ्या भाजत त्यांनी इतकी वर्षं एकमेकींना पाण्यात पाहिलं. सासू होती तोवर दोघींच्या मध्ये तिची काठी होती. सासू गेली, आणि मागच्या खजुरांच्या वेळी मन्नतुमचा नवरा कुब्बुलुम झाडावरून पडून गेला, तेव्हा कसलाच आडपडदा उरला नाही. मन्नतुमला जितं पोर नव्हतं. घर थोरल्या दिराकडे, हुम्ताणीच्या नवऱ्याकडे, इम्गुरुमकडे गेलं आणि विधवेनं आपलं होतं नव्हतं ते घेऊन माहेरी जायचं ठरलं. खाट गेली, तिचं जातं गेलं, तिळाच्या तेलाचे रांजण गेले. दारावर मात्र गाडी अडली. इम्गुरुमला दुसरं दार करायची ऐपत नव्हती आणि मन्नतुमला दारापेक्षा दुसरीच गोष्ट हवी होती.

मागच्या खोलीत, भुईखाली, तिची तब्नी होती.

महिनाभराची पोर. आळीत तापाची साथ आली त्या वर्षी गेली. मन्नतुम स्वतः तापात बेशुद्ध पडलेली. शुद्धीवर आली तेव्हा सासूनं लेकराला मडक्यात घालून, तोंड बंद करून, भुईत ठेवूनही दिलं होतं. वर दिसत होतं ते फक्त मातीच्या नळीचं तोंड. त्या नळीतून दर अमावास्येला पाणी ओतायचं आणि नाव घेऊन हाक मारायची. हे ज्यांचं कुणी करत नाही ती खालची माणसं धूळ खातात, गटारातलं पितात आणि शेवटी भुकेनं पिसाळून वर येतात. या घरात होती तोवर मन्नतुमनं एक अमावास्या चुकवली नव्हती. नवऱ्याचं प्रेत घरात होतं तेव्हासुद्धा नाही.

म्हणून आळीच्या जाणत्या माणसांसमोर ठरलं होतं: दार घराला राहील आणि मन्नतुम दर अमावास्येला आत येऊन पाणी घालील. हुम्ताणीनं मान डोलावली होती. सगळ्यांनी पाहिलं होतं.

पहिल्या खेपेला तिनं आत घेतलं, पण सगळा वेळ डोक्यावर उभी राहिली. "सांडू नको. आत्ताच सारवलंय." दुसऱ्या खेपेला म्हणाली, घरात आजारी माणूस आहे, बाहेरचं कुणी नको. आणि आज ही तऱ्हा.

मन्नतुमनं दारावर थाप मारली. मग मूठ मारली. मग लाथ मारली.

"दार मोडेल!" हुम्ताणी आतून ओरडली.

"माझं आहे! मोडीन नाहीतर चुलीत घालीन!"

जातं थांबलं. पावलं जवळ आली. आता हुम्ताणीचा आवाज फळीला चिकटून आल्यासारखा आला.

"ऐक. माझी लेक महिनाभर तापानं फणफणतेय. मांत्रिकाला बोलावलं. त्यानं विचारलं, ज्याचं या घरात कुणी नाही असं भुईखाली कोण आहे? कोण आहे, सांग ना! तुझीच! तुझी तब्नी माझ्या पोरीच्या छातीवर बसते."

"तुम्हीच मला आत येऊ दिलं नाहीत! उपाशी ठेवलीत तिला!"

"आता उपाशी राहिली काय आणि जेवली काय. वर यायची वाटच बंद केली मी. डांबर तापवून ओतलं नळीत. गळ्यापर्यंत भरली."

मन्नतुमच्या काखेतून घडा सुटला नाही हेच नवल. तिला वाटलं, कुणी तरी आपल्याच नरड्यात ते गरम डांबर ओतलंय. एवढंसं पोर, अंधारात, आणि वरून येणारा पाण्याचा एकुलता एक थेंब, तोही बुजवला. माणसाचं काळीज आहे का हे? ती वळली आणि तडक आळीच्या वेशीकडे चालू लागली.

वेशीच्या सावलीत म्हातारा शेपसीन बसला होता. आळीतली भांडणं त्याच्यापुढे यायची. सातूची दारू बोरूच्या नळीनं ओढत त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"डांबर?" तो म्हणाला. "अगं, नळीत डांबर कुणी ओततं का? त्यानं भूत आत राहतं, पण भूक पण आतच राहते ना!"

"ते मला काय सांगताय, बाबा? तिला जाऊन सांगा."

"तिला सांगण्यापेक्षा मी भिंतीला सांगीन." म्हाताऱ्यानं तोंड पुसलं. "अट तिनं मोडली. दार तुझं. उद्या काढून ने. मी येतो उभा राहायला."

"मला दार नकोय. मला पाणी घालायचंय."

"पाणी घालायला लावणं माझ्या हातात नाही, मन्नतुम. घर त्यांचं आहे. दार तेवढं माझ्या हातात आहे."

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तसा मन्नतुमचा भाऊ गिमिल पहार आणि दोर घेऊन आला. शेपसीन काठी टेकत आला. आणि आळी आली, ती तर न बोलावता येतेच. गच्च्यांवर बायका, भिंतींवर पोरं. कोपऱ्यावरची कांदेवाली टोपलीसकट आली.

इम्गुरुम आदल्या संध्याकाळीच परतला होता. राजवाड्याच्या कालव्याचा गाळ उपसायला त्याला महिनाभर नेलं होतं. दाढी चिखलानं माखलेली, डोळे खोल गेलेले. तो उंबऱ्यात उभा राहिला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मन्नतुम, दार घेऊन जा. मी काही म्हणत नाही."

"आणि नळी, भाऊजी? ती पाहिलीत?"

"पाहिली."

"मग?"

इम्गुरुम दाढीतला चिखल खरवडायला लागला. तो नेहमीच असा. आई आणि बायको भांडायला लागल्या की गाढवाला पाणी दाखवायला जाणारा माणूस.

गिमिलनं पहार खाली घातली, दार उचललं, आणि दगडाच्या वाटीत इतकी वर्षं फिरलेला त्याचा खुंट करकरत बाहेर आला. घराचं तोंड आ वासून उघडं पडलं. ओसरी, रांजण, खाटेवर पडलेली हुम्ताणीची लेक, सगळं रस्त्यावरून दिसायला लागलं. गच्चीवरून कुणी तरी खुदकन हसलं.

ते हसणं हुम्ताणीला लागलं. ती आतून तीरासारखी आली.

"नेलंस ना दार? झालं समाधान? मग तुझ्या त्या कार्टीलाही ने! इथे कशाला ठेवतेस माझ्या घरात? उकर आणि घेऊन जा, म्हणजे माझी पोर तरी सुटेल!"

असं कुणी बोलत नाही. मेलेल्याला त्याच्या भुईतून काढायचं म्हणजे शत्रूचं सैन्य करतं तसली गोष्ट. गिमिलनं बहिणीचा दंड धरला. "ताई, चल. हिच्या नादी लागू नको."

मन्नतुम जागची हलली नाही. तिच्या मनात हे कधी आलंच नव्हतं. तब्नी आपल्या आजी-आजोबांच्या घरात आहे, तिथेच राहणार, असं ती धरून चालली होती. पण इथे ठेवून करायचं काय? हिच्या पायाखाली, डांबराखाली?

"बरं," ती म्हणाली. "नेते."

"नाही!"

हे इम्गुरुम ओरडला. इम्गुरुम! आळीनं त्याचा असा आवाज कधी ऐकलाच नव्हता.

"खणायचं नाही. नळी मी मोकळी करून देतो. ती पाणी घालून जाऊ दे. दर महिन्याला येऊ दे. पण खणायचं नाही."

"का नाही?" हुम्ताणी त्याच्यावर फिरली. "महिनाभर मी एकटी पोरीच्या उशाशी बसले, तेव्हा कुठे होतास? आता भावजयीचा पुळका आला? मीच खणते."

"हुम्ताणी, माझं ऐक."

"ऐकलं आयुष्यभर. तू बोललास कधी म्हणून ऐकायचं?"

तिनं कोपऱ्यातली कुदळ उचलली आणि मागच्या खोलीत गेली. मागोमाग मन्नतुम, तिच्यामागे गिमिल आणि धापा टाकत शेपसीन. इम्गुरुम दाराशीच भिंतीला टेकून खाली बसला.

हुम्ताणी खणायला लागली ती डोक्यात सणक गेलेल्या बाईसारखी. सारवलेली भुई फुटली. डांबराचा काळा गोळा नळीसकट उपटून तिनं कोपऱ्यात फेकला. मन्नतुमनं गुडघे टेकून हातांनी माती ओढायला सुरुवात केली. मग कुदळ हलकेच कशावर तरी वाजली.

"थांबा!" मन्नतुम किंचाळली. "हातानं काढते मी."

तिनं बोटांनी माती सारली. मडक्याची गोल पाठ दिसली, बंद केलेलं तोंड दिसलं. तिनं दोन्ही हात खाली घालून ते लेकराला पाळण्यातून उचलावं तसं उचललं आणि मांडीवर घेतलं. केवढंसं. तिला वाटलं होतं की ती रडेल, पण ती फक्त त्यावरची माती पुसत राहिली.

"झालं?" हुम्ताणी म्हणाली. "नीघ आता."

"अजून एक आहे," गिमिल म्हणाला.

खड्ड्यात, त्या मडक्याच्या शेजारी, अगदी खेटून, दुसरं मडकं होतं. तसंच. त्याच कुंभाराचं, त्याच आकाराचं, तसंच तोंड बंद केलेलं.

"हे कुणाचं?" शेपसीननं विचारलं.

मन्नतुमनं मान हलवली. तिला एकच पोर झाली होती. तिनं जावेकडे पाहिलं, आणि जावेचा चेहरा पाहून तिला कळलं.

त्याच साथीच्या वर्षी हुम्ताणीला मुलगा झाला होता. पहिलटकरणीचा मुलगा. नाव ठेवायच्या आतच गेला. ती बाळंतिणीच्या खोलीत, आणि सासूनं सांगितलं, पुढच्या खोलीत आजोबांच्या पायाशी ठेवलाय. तेव्हापासून हुम्ताणी दर अमावास्येला पुढच्या खोलीतल्या नळीत पाणी घालत आली होती. वाडवडिलांची नावं घ्यायची आणि शेवटी, बिननावाच्या पोरासाठी, थोडं जास्त ओतायची.

"इम्गुरुम," हुम्ताणी म्हणाली. आवाज अगदी साधा होता, मीठ मागावं तसा. "इकडे ये."

तो आला. खड्ड्यात बघायचं त्यानं टाळलं.

"हा कोण आहे?"

"आपला."

"पुढच्या खोलीत आहे ना तो?"

"पुढे जागा नव्हती. आबांची विटांची कबर फोडावी लागली असती." इम्गुरुम शब्द एकेक करून बाहेर काढत होता. "आई म्हणाली, पोरं पोरं एकत्र राहू दे. आणि तुला सांगू नको म्हणाली. तुम्ही दोघी तेव्हाही... एका नळीवरून रोज जीव घेतला असतात एकमेकींचा."

"मी डांबर ओतलं," हुम्ताणी म्हणाली. "कालव्यावरून आलास तेव्हा पाहिलंस तू. पाहिलंस आणि जेवायला बसलास."

"सांगायचंच होतं..."

हुम्ताणीनं हातातली कुदळ त्याच्या अंगावर फेकली. त्याला लागली नाही, भिंतीला लागली. मग ती खड्ड्याच्या काठावर मटकन बसली.

खोटं कशाला बोला, मन्नतुमला आधी आनंद झाला. चांगला कडकडीत, पोटातून आलेला आनंद. घे! बुजव आणखी! आपल्याच पोराच्या तोंडात आपल्याच हातानं डांबर घातलंस! तिला हे मोठ्यानं म्हणायचं होतं आणि आळीला ऐकवायचं होतं.

"चल ताई," गिमिल हळूच म्हणाला. "आपलं घेऊन जाऊ."

"आपलं कुठलं?" शेपसीननं विचारलं.

मन्नतुमनं मांडीवरच्या मडक्याकडे पाहिलं. मग खड्ड्यातल्या मडक्याकडे. दोन्हीवर खूण नव्हती. तोंडं उघडून बघायची कुणाची छाती नव्हती आणि बघितलं असतं तरी चिमूटभर हाडांवरून काय कळणार? सांगू शकली असती ती सासू, आणि ती स्वतःच भुईखाली होती.

"भाऊजी, कुठलं?"

"मी खड्डा खणला होता," इम्गुरुम म्हणाला. "मडकी आईनं ठेवली."

मन्नतुमचा आनंद कधी गेला ते तिला कळलंच नाही. तिनं मांडीवरचं मडकं घट्ट धरलं. हे तब्नी असेल. किंवा नसेल. मग तिनं दुसराही हात खड्ड्यात घातला.

"दोन्ही नेते," ती म्हणाली. "एक तरी माझी आहेच."

"हात लावून बघ!"

हुम्ताणी उठली आणि खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन आडवी बसली, पाय एका बाजूला टेकून, पाठ दुसऱ्या बाजूला. "माझ्यावर पाय देऊन जा. दे! पण माझा मुलगा या घराबाहेर जाणार नाही."

"काल याच घरात त्याच्या तोंडात बोळा कोंबलात."

"कोंबला! मला काय माहीत?" आता हुम्ताणी रडत होती, नाक, डोळे सगळं वाहत होतं आणि तरी आवाज भांडणाचाच होता. "इतकी वर्षं मी नुसत्या म्हाताऱ्यांना पाणी पाजलं! याला कुणी पाजलं? बोल ना! कुणी पाजलं?"

उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं.

मन्नतुमच्या डोळ्यांपुढे ती नळी आली. इतक्या अमावास्या. ती तब्नीचं नाव घ्यायची, पाणी खाली जायचं, आणि तिथे दोघं होती. एकाला हाक होती, दुसऱ्याला नव्हती. तो बिनहाकेचा पोरगा तिच्या लेकीच्या शेजारी बसून पीत असणार, नाहीतर पिणारीकडे नुसता बघत असणार. जावेची कीव आली असं मी म्हणणार नाही. त्या पोराची मात्र आली.

तिनं मडकं परत खड्ड्यात ठेवलं. दुसऱ्याला खेटून, होतं तसं.

"गिमिल, दार घेऊन पुढे हो," ती म्हणाली.

"दार नेणार?" शेपसीन म्हणाला. "आता समेट होतोय ना?"

"कसला समेट, बाबा? दार राहिलं की ही अडसर घालणार. घर उघडंच राहू दे. मी यायचं तेव्हा येईन. कुणाला विचारणार नाही."

गिमिल दार उचलायला निघाला तेव्हा हुम्ताणीनं उंबऱ्यावरचे पाय आखडून त्याला वाट दिली.

शेपसीननं कांदेवालीला घरी पिटाळून नवी नळी मागवली; तिचा नवरा कुंभारकाम करायचा. मन्नतुमनं ती दोन मडक्यांच्या मधोमध उभी धरली. माती कुणी लोटली? इम्गुरुम पुढे झाला तर दोघींनी एकाच वेळी त्याला हात आडवा केला. हुम्ताणीनंच लोटली, हातांनी, गुडघ्यांवर रांगत.

मन्नतुमनं ओसरीवरच्या रांजणातून घडा भरून घेतला.

"तब्नी," तिनं मोठ्यानं हाक मारली आणि पाणी ओतलं. मग जावेकडे पाहिलं. "आता तुम्ही घ्या तिचं नाव."

"मी?"

"तुम्हीच डांबर ओतलं होतंत."

हुम्ताणीचे ओठ हलले. "तब्नी," ती म्हणाली. दात आवळूनच म्हणाली, पण म्हणाली.

"आणि तुमच्याचं?"

"ठेवलं नव्हतं."

"मनात तरी असेल ना! नऊ महिने पोटात वागवलंत, मनात काही आलंच नाही?"

हुम्ताणी नवऱ्याकडे पाठ करून म्हणाली, "इद्दिन." इतकं हळू, की शेपसीननं कानामागे हात धरला.

"मला ऐकू आलं नाही तर खाली काय जाणार?" मन्नतुम खेकसली. "मोठ्यानं घ्या. मी ओततेय."

"इद्दिन!" हुम्ताणी ओरडली. "इद्दिन! अरे, मी इथे आहे! इद्दिन!"

गच्च्यांवरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. हुम्ताणी नळीवर ओणवी होऊन हाका मारत राहिली, आणि मन्नतुम धार तुटू न देता ओतत राहिली. घडा रिकामा झाला तरी हुम्ताणी थांबेना.

मन्नतुमनं रिकामा घडा तिच्या पुढ्यात आदळला.

"नुसत्या हाका काय मारताय?" ती म्हणाली. "जा, पाणी आणा."